पिशवी सरकेल का?

या शनिवारी डेडलिफ्ट शिकवणार होते. ती पुढच्या आठवड्यावर ढकलते आहे, कारण सास्तूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय जमिनीवरचं वजन उचलायला सांगणं मला बरोबर वाटत नाही.

ताई लिहितात, मुलगी अकरावीला आहे. तिला वजनं उचलायची आहेत, वडिलांची हरकत नाही. "पण आत्याबाई म्हणतात, पोरीच्या जातीनं जड उचललं की पिशवी सरकते, पुढं मूल राहत नाही. माझं स्वतःचं दुसऱ्या बाळंतपणानंतर अंग बाहेर येतंय. त्यामुळं मला त्यांच्यापुढं बोलताच येईना."

इतकी वर्षं बायकांना वजनं उचलायला शिकवते आहे. 'दंड पुरुषासारखे होतील का', हा प्रश्न पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर हसत विचारला जातो. त्याचं उत्तर तिसऱ्या लेखांकात देऊन झालंय. पिशवीचा प्रश्न मात्र बाकीच्या निघून गेल्यावर, चप्पल घालता घालता, हळू आवाजात येतो. पुष्कळदा येतच नाही. बाई नुसती यायची बंद होते आणि आम्ही समजतो, तिला कंटाळा आला. माझ्या अनुभवात आपल्या भागातल्या बायका वजनांपासून लांब राहतात त्यामागं लाजेपेक्षा ही भीती जास्त आहे.

या गोष्टी बायका सोसतात किती आणि सांगतात किती, हे डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिलं. दोन गावांतल्या 650 बायकांची त्यांनी तपासणी केली. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाची एक ना एक तक्रार निघाली आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका जेमतेम 8 टक्के होत्या. 1989 साली हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. आपल्याकडं अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. आपल्यातलीच एखादी विचारणारी असली की तोंड उघडतं. ताईंनी पत्रात एवढं उघड लिहिलं, याचं मोल मला फार वाटतं.

आता आत्याबाईंचं म्हणणं घेऊ. त्यांना अडाणी ठरवून हा विषय संपणार नाही, कारण त्यांनी जे पाहिलंय ते खरं आहे. त्या साठीच्या आसपास असतील, तर 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात सास्तूर कोसळलं तेव्हा त्या ऐन विशी-तिशीत होत्या. त्यानंतरचे दिवस पत्र्याच्या शेडमधले. मातीचे ढीग उपसायचे, लांबून पाणी आणायचं, मोडलेला संसार पुन्हा उभा करायचा. अशा वेळी बाळंतिणीचा सव्वा महिना कोण पाळणार? आणि भूकंप सोडला तरी एरवी तरी किती जणींना तो मिळतो? रास सुरू असताना पंधरा दिवसांची बाळंतीण कट्ट्याला हात लावताना मी पाहिली आहे. बाळंतपणानंतर आतले अवयव मूळ जागी यायला साधारण सहा आठवडे लागतात, असं आजचं वैद्यक सांगतं. आपला सव्वा महिना त्याच्या बराच जवळ जातो. आजीच्या काळातला हा नियम शहाणपणाचा होता. तो पाळता आला नाही, म्हणून अंग बाहेर आलं. आत्याबाईंच्या डोळ्यांसमोर त्या बायका आहेत, आणि त्या सगळ्या ओझी उचलणाऱ्या होत्या.

पण अंग बाहेर येतं ते कशानं?

कंबरेच्या हाडांच्या कड्यात खालच्या बाजूला स्नायूंचा एक पट ताणून बसवलेला असतो. बाजेला नवार असते, तसा. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय त्याच्या आधारावर असतात, शिवाय बंधनांनी वरून-बाजूनं धरलेले असतात. बाळ खालून जन्मतं तेव्हा हा पट कितीतरी पट ताणला जातो, कधी हाडापासून सुटतोही. बहुतेक जणींचा पुष्कळसा भरून येतो. त्याला वेळ मिळाला नाही, बाळंतपणं लागोपाठ झाली, अडून अडून झाली, की तो सैल राहतो. त्यात चुलीच्या धुरानं लागलेला जुना खोकला, बद्धकोष्ठ आणि त्यासाठी रोज कुंथणं, पाळी गेल्यावर येणारा ढिलेपणा यांची भर पडते. आणि सैल पटावर रोजची ओझी. म्हणजे ओझ्याचा वाटा आहेच, तो मी नाकारत नाही. पण तो साखळीतला शेवटचा दुवा आहे. अकरावीतल्या मुलीच्या बाबतीत त्या साखळीतलं पहिलं कडंच अजून नाही. तिचा पट शाबूत आहे.

'वजन' हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या कामांना वापरतो, त्यानं घोटाळा होतो. ऊसतोडीला गेलेली बाई तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. ती मोळी किती जड असावी हे तिच्या हातात नसतं. दिवसभरात किती वेळा चढायचं तेही नसतं. पोटात अन्न नसेल, पाळी चालू असेल, अंगात ताप असेल, तरी गाडी भरायची असते. व्यायामातलं वजन याच्या उलट बाजूनं सुरू होतं. आज अडीच किलो, जमलं तर पुढच्या आठवड्यात पाच. एका वेळी आठ-दहा उचल्या, मग दोन मिनिटं बसायचं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधले दिवस विश्रांती. दुखलं की कमी करायचं. त्या विश्रांतीत स्नायू भरतो आणि हाडात चुना साठतो. मोळीवाल्या बाईला ती विश्रांतीच कुणी देत नाही.

ही भीती मराठवाड्याची एकट्याची नाही, हेही आत्याबाईंना सांगा. शिकल्यासवरल्या देशांनी ती शंभर वर्षं बाळगली. 1928 च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका 800 मीटर धावल्या, शर्यतीनंतर काही जणी दमलेल्या दिसल्या, आणि 'हे बाईच्या शरीराला झेपणारं नाही' म्हणून ती शर्यत काढून टाकली. ती परत आली थेट 1960 मध्ये, रोमला. बायकांची मॅरेथॉन 1984 पर्यंत ऑलिंपिकमध्ये नव्हती. बोस्टनची मॅरेथॉन 1967 साली धावलेल्या कॅथरिन स्विट्झर यांनी पुढं लिहून ठेवलंय, की लांब धावलीस तर गर्भाशय गळून पडेल, असं त्यांना सांगितलं जायचं. बर्फावरून उडी मारण्याच्या खेळात बायकांना ऑलिंपिकचं दार उघडलं ते 2014 ला. आणि आपलं वेटलिफ्टिंग? पुरुष 1896 च्या पहिल्या ऑलिंपिकपासून उचलतात, बायकांना 2000 साल उजाडावं लागलं. त्याच सिडनीत करनम मल्लेश्वरीनं 240 किलो उचलून कांस्य आणलं. दर वेळी बंदी घालणाऱ्यांकडं भीती होती, मोजमाप नव्हतं.

मोजमाप पुढं झालं. 2006 साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी 30 बायकांच्या पोटातला दाब वेगवेगळ्या हालचाली करताना मोजला. शस्त्रक्रियेनंतर 'हलकंही उचलू नका' असं ज्या वजनांबद्दल सांगतात, त्यातल्या कित्येक उचल्यांपेक्षा नुसतं खुर्चीतून उठताना पडणारा दाब कमी नव्हता. खोकताना तर तो मोठाच असतो. खुर्चीतून उठू नकोस, असं आपण कुणालाच सांगत नाही. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्टनी वजनं उचलणाऱ्या हजारो बायकांना विचारलं. पन्नास किलोच्या वर उचलणाऱ्यांमध्ये अंग उतरल्याच्या तक्रारी हलकं उचलणाऱ्यांपेक्षा कमी निघाल्या. यातली पळवाट मी लपवत नाही. ज्यांना त्रास होता त्यांनी जड उचलणं आधीच सोडलं असेल, म्हणून जड उचलल्यानं अंग वर जातं असा अर्थ यातून काढता येणार नाही. पण जड उचललं की उतरतंच, हे म्हणणं त्यापुढं टिकत नाही.

आता ताई, तुमच्याबद्दल. मुलीसाठी पत्र लिहिलंत आणि स्वतःचं एका ओळीत उरकलंत.

आधी तपासून घ्या. सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे, लांब जायला नको. अंग किती उतरलंय, त्यावर सगळं ठरतं. थोडं उतरलेलं असेल, तर व्यायाम हाच पहिला उपचार असतो. ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या 447 बायकांवर झालेल्या चाचणीत त्या पटाच्या, म्हणजे तळाच्या स्नायूंचा व्यायाम नीट शिकवल्यावर त्रास स्पष्ट कमी झाला. 2014 साली तोही अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. व्यायाम असा आहे: वारा रोखताना जो भाग आपण आत ओढतो, तोच आत-वर ओढा. श्वास चालू ठेवा, पोट-मांड्या आवळू नका. पाच सेकंद धरा, सोडा, तेवढाच वेळ थांबा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. तीन-चार महिने नेमानं करावं लागतं. जास्त उतरलं असेल तर आत बसवायची कडी असते, तीही नको तर शस्त्रक्रिया. कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढून टाका म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

हे शेवटचं वाक्य मी जोर देऊन लिहिते आहे. 2019 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. सुमारे 82 हजार बायकांमध्ये 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर पाळी एका दिवसात जाते आणि हाडं ठिसूळ व्हायला ऐन तरुणपणी सुरुवात होते. नुसती पिशवी काढली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडं सरकू शकतं. म्हणजे ज्या बाईला उद्या पुन्हा मोळी उचलायची आहे, तिचीच हाडं आपण आधी कमजोर करतो. अशा बायकांना तर वजनांच्या व्यायामाची गरज सगळ्यांत जास्त. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या 101 बायकांवर प्रयोग झाला. सरासरी वय 65. आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली चांगली जड वजनं. उचलणाऱ्यांच्या मणक्यातली हाडाची घनता 2.9 टक्के वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्के घटली. आत्याबाईंच्या वयाच्या बायका होत्या त्या. हाडांवर एक सबंध लेखांक मला लिहायचाच आहे.

तपासणीनंतर डॉक्टरांनी हो म्हटलं, की तुम्हीही मुलीबरोबर जा. दोन किलोपासून सुरू करा. उचलायच्या आधी तळ आत ओढा, उचलताना श्वास सोडा, दम कोंडून कधीही उचलू नका. खाली जड वाटलं, काही सरकल्यासारखं झालं, लघवी सुटली, तर त्या दिवशी तिथंच थांबा आणि पुढच्या वेळी वजन कमी घ्या. हाच नियम घागरीलाही लावा. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो पाणी, वर भांडं. स्पर्धेत बायका वापरतात तो मोकळा बारसुद्धा पंधराच किलोचा असतो. घागरी दोन खेपांत अर्ध्या-अर्ध्या आणा, आणि उरलेल्या घरातल्या पुरुषमाणसांना आणू द्या.

मुलीबद्दल माझ्या मनात शंका नाही. सांगलीची काजोल सरगर चहा-पानाच्या टपरीवाल्याची मुलगी. 2022 च्या जूनमध्ये पंचकुल्याला खेलो इंडिया स्पर्धेत 40 किलो वजनगटात एकूण 113 किलो उचलून तिनं सुवर्ण घेतलं. त्याच महिन्यात मेक्सिकोतल्या युवा जागतिक स्पर्धेत मनमाडची आकांक्षा व्यवहारे 40 किलो गटात 127 किलो उचलून रौप्य घेऊन आली, आणि महाराष्ट्राचीच सौम्या दळवी 45 किलो गटात 148 किलो उचलून कांस्य. या मुली तुमच्या लेकीच्याच वयाच्या होत्या. आपल्या जिल्ह्याची सारिका काळे खो-खोत देशाची कर्णधार झाली, 2020 साली अर्जुन पुरस्कार घेऊन आली. धाराशिवच्या मुलींच्या अंगात बळ आहे, हे आता कुणी सिद्ध करायचं राहिलेलं नाही. वजनं उचलल्यानं मूल राहत नाही, याला कसलाही आधार नाही. पोटभर न खाता खूप व्यायाम केला तर पाळी चुकते, हे मात्र खरं आहे. म्हणून तिच्या ताटात भाकरीबरोबर डाळ, अंडं, शेंगदाणे, दही वाढा. पाळी लागोपाठ तीन महिने आली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

जिममध्ये शिकवणारं माणूस कोण आहे, हे स्वतः जाऊन बघा. पहिल्याच दिवशी जड बार खांद्यावर ठेवणारा असेल, तर तिथं पाठवू नका. पहिला महिना मोकळ्या काठीवर घालवणारा भेटला, तर निर्धास्त पाठवा. आत्याबाईंनाही एक दिवस सोबत न्या आणि लेक कशी उचलते ते त्यांना समोर बसून बघू द्या.

डेडलिफ्ट पुढच्या शनिवारी नक्की. तोवर प्रत्येकीनं घरात आपल्या खांद्याएवढी एक सरळ काठी शोधून ठेवावी. आणि ज्यांना ताईंसारखा त्रास आहे, त्यांनी या आठवड्यात दवाखान्यात जाऊन यावं.