रुपयाचें मोल कां बदलतें?



आटपाडी व खानापूर या तालुक्यांतील पुष्कळ माणसें गलाईच्या धंद्यानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांत पसरलीं आहेत, हें आपणांपैकीं अनेकांना ठाऊक असेल. जुना दागिना वितळवावा, तेजाबानें त्यांतील हीण काढावें आणि शुद्ध सोनें किंवा चांदी वेगळी करून द्यावी, हा त्यांचा व्यवसाय. धातूचा कस त्यांच्या नजरेंतून सहसा सुटत नाहीं. परंतु खुद्द रुपयाचा कस कशावर लावावा, असें विचारलें तर उत्तर देणें तितकें सोपें नाहीं. सर्व वस्तूंची किंमत आपण ज्या मापानें मोजतों, तें माप म्हणजे रुपया. तें मापच जर लहानमोठें होत असेल, तर घेणें-देणें, पगार, पेन्शन, ठेव या साऱ्यांचे हिशेब कसे बदलतात, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

रुपयाचा कस धान्यावर लावावा, हें थोडक्यांत उत्तर. एका रुपयास ज्वारी किती, कापड किती, तेल किती मिळतें, यालाच त्याची क्रयशक्ति म्हणतात. माल तितकाच राहून पैसा वाढला, किंवा पैसा तितकाच राहून माल घटला, कीं भाव चढतात, ती महागाई. उलट पैसा आखडला किंवा मालाला गिऱ्हाईक उरलें नाहीं, कीं भाव कोसळतात, ती मंदी. महागाईला सगळेच नांवें ठेवतात. स्वस्ताई मात्र सर्वांना गोड वाटते. तिच्या पोटांत काय दडलेलें असतें, तें प्रथम पाहूं.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. ज्वारीचा भाव मणास चार रुपये असतांना एका शेतकऱ्यानें शंभर रुपये कर्ज काढलें. म्हणजे त्यानें पंचवीस मण ज्वारीचें देणें डोक्यावर घेतलें. पुढें भाव मणास दोन रुपयांवर आला. रोखा शंभराचाच राहिला. पण तो फेडण्यास आतां पन्नास मण ज्वारी लागणार. सावकारानें एक अक्षरही बदललें नाहीं, आणि तरीहि कर्ज दुप्पट झालें. व्याजाची गोष्ट तर निराळीच. सरकारी साराहि रोकडींत ठरलेला, तोहि त्याच मापानें जड होतो.

आपल्या दख्खनेंत हें प्रत्यक्ष घडलें आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तेथील कापूस विलायतेस जाणें थांबलें आणि आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मुंबई इलाख्यांत पैशाचा पूर आला, धान्याचे भाव चढले, शेतकऱ्याची पत वाढली आणि त्याबरोबर त्याचें कर्जहि वाढलें. युद्ध संपलें, भाव उतरले. कर्ज मात्र जागच्या जागीं राहिलें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला आणि तो पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. सातारा जिल्ह्यांत कुकरुड येथेंहि त्याची ठिणगी पडली. दंगेखोरांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हातीं घेऊन जाळावे, एवढाच बहुतेक ठिकाणीं त्यांचा हेतु होता. पुढें १८७९ सालीं सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं खास कायदा करावा लागला.

हाच प्रसंग १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत पुन्हां आला. जुलै १९१४ चे भाव १०० धरले, तर कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक १९२९ सालीं १४१ होता; १९३३ सालीं तो ८७ वर उतरला. आटपाडी तेव्हां औंध संस्थानांत होती. परंतु बाजारभाव संस्थानची हद्द ओळखत नाहीं. माणदेशासारख्या कमी पावसाच्या मुलखांत आधींच पीक बेताचें. त्यांत तें मातीमोल झालें. सप्टेंबर १९३१ मध्यें इंग्लंडनें पौंडाचा सोन्याशीं असलेला संबंध तोडला, तेव्हां सोन्याचा भाव वर चढला, आणि हिंदुस्थानांतील घराघरांतलें सोनें विकलें जाऊन कोट्यवधि रुपयांचें सोनें परदेशीं गेलें. त्यांत हौसेनें विकलेलें थोडें. सारा आणि व्याज भरण्यासाठीं मोडलेलें फार. पेन्शनराला तीं वर्षें सुबत्तेचीं वाटलीं असतील. त्याची सुबत्ता शेतकऱ्याच्या घरांतून आलेली होती.

आतां नाण्याची दुसरी बाजू. १८३५ च्या कायद्यानें कंपनीचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा वजनाचा ठरला. त्यांत अकरा-बारांश शुद्ध चांदी असे. पहिल्या महायुद्धांत चांदी इतकी महागली कीं रुपया वितळवणें फायद्याचें ठरूं लागलें. सरकारनें नाणें वितळविण्यास बंदी केली, आणि १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढली. दुसऱ्या महायुद्धांत १९४० सालीं रुपयांतील चांदी निम्म्यावर आणली गेली. परंतु खरी वाढ झाली ती नोटांची. ब्रिटिश सरकार येथें लष्करासाठीं माल घेई. त्याची किंमत लंडनमध्यें पौंडांत जमा होई, आणि त्या जमेच्या आधारावर येथें नव्या नोटा निघत. १९३९ सालीं चलनांत सुमारें १८० कोटींच्या नोटा होत्या, त्या युद्धाअखेर १,२०० कोटींच्या घरांत गेल्या. माल लष्कराकडे, कागद लोकांकडे, अशी वांटणी झाली. मुंबईंत १९४३ सालीं शिधावांटप आलें. बंगालमध्यें त्याच सालीं तांदुळाचा भाव मजुरीच्या कितीतरी पुढें धांवला आणि लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. त्यांत रोजंदारीवर पोट भरणारे फार होते.

या साऱ्या प्रश्नाचा मूलगामी विचार करणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांचें बालपणींचें कांहीं शिक्षण साताऱ्यास झालें. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला, आणि १९२५ सालीं त्यांनीं चलनविषयक शाही कमिशनपुढें साक्षहि दिली. रुपयास किती पेन्स मिळतात, ही हुंडणावळ स्थिर ठेवण्यापेक्षां देशांत रुपयास किती वस्तु मिळतात हें स्थिर राहणें अधिक महत्त्वाचें, असें त्यांचें प्रतिपादन. रुपया घसरला म्हणजे निर्यातदाराला नफा होतो खरा; पण तो परदेशाकडून येत नाहीं, मजुरी भावांबरोबर वाढत नसल्यामुळें तो येथल्याच मजुराच्या ताटांतून येतो, हें त्यांनीं दाखवून दिलें.

आज रुपयामागें धातु नाहीं. २०१६ पासून कायद्यानें महागाईचें लक्ष्य ठरविण्याची पद्धत सुरू झाली. शेंकडा चार हें लक्ष्य, आणि खालीं दोन व वर सहा या मर्यादा ठरल्या. शेंकडा चार हा आंकडा लहान दिसतो. पण ७२ ला महागाईच्या दरानें भागलें असतां भाव किती वर्षांत दुप्पट होतील याचा अंदाज निघतो. चार टक्क्यांनीं अठरा वर्षें, सहा टक्क्यांनीं बारा. साठाव्या वर्षीं ठरलेली रक्कम बांधून घेणाऱ्याच्या हातीं अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं तिचें निम्मेंच मोल उरतें. सरकारी पेन्शनरास महागाईभत्त्याचा आधार असतो. कारखान्यांतील कामगारांच्या १९९५ च्या योजनेंत मात्र २०१४ सालीं किमान १,००० रुपये ठरले, आणि त्यास असा भत्ता जोडला गेला नाहीं. दंगा न होतां, रोखा न जळतां, एका म्हाताऱ्याच्या घासांतून रोज थोडें कमी होत जातें, तें असें.

मग सोनेंच घ्यावें काय? २०२५ सालीं दहा ग्रॅमचा भाव एक लाखावर गेला, हें खरें. पण १९९६ नंतर तीनचार वर्षें सोनें उतरत होतें आणि बाजारांतील इतर जिन्नस चढत होते, हेंहि खरें. यांत रामबाण उपाय कोणताच नाहीं. ठेवीचें व्याज पाहतांना त्यांतून कर वजा करावा, मग महागाई वजा करावी, आणि उरेल तेंच खरें व्याज समजावें. मुलीच्या शिक्षणासाठीं ठेवलेली रक्कम असो, विधवा बहिणीस लावून दिलेला दरमहा असो, कीं घरकाम करणाऱ्या बाईचा पगार असो. तो ठरविला तेव्हां त्यांत किती किलो ज्वारी येत होती आणि आज किती येते, एवढा हिशेब वर्षांतून एकदां मांडावा. आंकडा तोच ठेवून आपण पगार कायम ठेवला असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः तो त्यांनीं कमी केलेला असतो.