जहाज वाढवावं की माणसं घ्यावीत?

अंतराळातल्या काँप्युटर गेममध्ये मुलं नुसते गोळीबार करत नाहीत. ती कमावतात, खर्च करतात, नोकर नेमतात आणि कधीकधी एका चुकीच्या खरेदीपायी सगळं गमावूनही बसतात. हा हिशेब आईवडिलांनी एकदा समजून घ्यायलाच हवा.

पडद्यावर काळंभोर आकाश, लुकलुकणारे तारे आणि मधोमध एक छोटंसं जहाज. दारातून डोकावणाऱ्या आईवडिलांना वाटतं, झालं, पुन्हा ठो ठो सुरू! पण खुर्ची ओढून शेजारी बसलात तर लक्षात येईल की मूल बराच वेळ एकही गोळी झाडत नाही. ते एका यादीसमोर डोकं खाजवत बसलं आहे. हातात पैसे थोडे आणि गरजा अनेक. इंजिन वाढवावं की ढाल? नवं शस्त्र घ्यावं की आणखी एक माणूस कामावर ठेवावा? महिनाअखेरीला घर चालवणाऱ्या प्रत्येकाला पडणारा हा प्रश्न आहे. फक्त इथे किराण्याच्या जागी इंधन आहे.

अशा खेळांना अंतराळाचे सिम्युलेशन गेम म्हणतात. सिम्युलेशन म्हणजे खऱ्यासारखी नक्कल. त्यांची खरी गंमत लढाईत कमी आणि संसार मांडण्यात जास्त असते.

शंभर क्रेडिटची सुरुवात

या प्रकाराचा पाया घातला तो १९८४ साली इंग्लंडमध्ये आलेल्या 'एलिट' या खेळानं. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी तो बीबीसी मायक्रो नावाच्या काँप्युटरसाठी तयार केला. त्या काँप्युटरची स्मरणशक्ती होती अवघी ३२ किलोबाइट. आज मोबाइलवरचा एक साधा फोटोही याहून कितीतरी जास्त जागा खातो. तेवढ्याशा जागेत या दोघांनी ८ आकाशगंगा बसवल्या आणि प्रत्येकीत २५६ ग्रह.

खेळाडूला सुरुवातीला मिळायचं एक जहाज आणि १०० क्रेडिट, म्हणजे त्या जगातले पैसे. पुढचं सगळं त्याच्या अकलेवर. शेतीप्रधान ग्रहावर धान्य स्वस्त मिळे, ते कारखान्यांच्या ग्रहावर नेऊन विकायचं. तिथून यंत्रं घ्यायची आणि शेतीच्या ग्रहावर आणायची. चार पैसे सुटले की जहाजात भर घालायची. माल ठेवायची जागा २० टनांवरून ३५ टनांवर न्यायला ४०० क्रेडिट पडत. जहाज आपोआप अंतराळस्थानकात लावून देणारं यंत्र हवं असेल, तर १५०० क्रेडिट मोजावे लागत. हे यंत्र नसेल, तर गोल फिरणाऱ्या स्थानकाच्या अरुंद दारातून जहाज स्वतःच्या हातानं आत न्यायचं. जरा चुकलं की ठोकर बसलीच.

आता तुम्हीच सांगा, आधी काय घ्याल? सोय, की कमाई वाढवणारी जागा? सोय आधी घेतली, तर कमाई हळूहळू होते. जागा आधी घेतली, तर दर फेरीला दारातून आत जाताना जीव मुठीत धरावा लागतो. शिवाय अमली पदार्थांसारख्या बेकायदा मालात झटपट पैसा होता, पण तो धंदा केला की पोलीस मागे लागत. खेळ उपदेश करत नव्हता. तो फक्त बिल पुढे ठेवत होता.

माणसं आली आणि पगार सुरू झाला

'एलिट'मध्ये खेळाडू एकटा जीव सदाशिव होता. १९९३ साली त्याचा पुढचा भाग 'फ्रंटियर' आला आणि चित्र बदललं. मोठं जहाज घेतलं, तर ते एकट्याला चालवता येईना. त्यासाठी खलाशी नेमावे लागत आणि त्यांना पगार द्यावा लागे. म्हणजे मोठ्या जहाजाची किंमत ही खरी किंमत नव्हतीच. खरा खर्च जहाज दारात आल्यावर सुरू होत असे. हप्त्यावर मोटार घेतलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

याच घराण्यातला 'एलिट डेंजरस' हा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये आला. यात साइडवाइंडर नावाचं एक छोटं जहाज आणि हातात १००० क्रेडिट घेऊन सुरुवात होत असे. २०१६ साली त्यात नोकरीवर वैमानिक ठेवायची सोय झाली. या वैमानिकाला ठराविक पगार नसे, तर मालकाच्या नफ्यात वाटा मिळे. मासेमारीच्या होडीवर खलाशांना पकडीतून वाटा द्यायची जुनी रीत आहे ना, अगदी तशीच. वैमानिक जसजसा तरबेज होई, तसा त्याचा वाटाही वाढे. त्यामुळे कच्चा माणूस स्वस्तात घेऊन शिकवायचा, की तयार माणसाला मोठा वाटा द्यायचा, हा पेच खेळाडूपुढे उभा राहिला. छोटं दुकान चालवणाऱ्यालाही तो रोजच पडतो.

या खेळात विम्याचाही एक धडा आहे. जहाज नष्ट झालं, तर त्याच्या किमतीच्या सुमारे ५ टक्के रक्कम भरून ते परत मिळतं. पण तेवढे पैसे गाठीला नसतील, तर जहाज गेलंच समजा. उत्साहाच्या भरात साठवलेलं सगळं खर्चून मोठं जहाज घ्यायचं, विम्यापुरतंही शिल्लक ठेवायचं नाही आणि पहिल्याच फेरीत ते फोडून बसायचं, हा प्रकार नवख्यांच्या बाबतीत इतक्यांदा घडतो की जुने खेळाडू त्यांना पहिला सल्ला हाच देतात, जे परत घ्यायची ऐपत नाही, ते जहाज उडवू नका.

सर्वांत कठीण निवड

जहाज महत्त्वाचं की माणूस, हा प्रश्न सर्वांत धारदारपणे मांडला तो 'एफटीएल' या खेळानं. मॅथ्यू डेव्हिस आणि जस्टिन मा या दोघांनी तो लोकांकडून वर्गणी गोळा करून बनवला. त्यांनी मागितले होते १० हजार डॉलर, जमले २ लाखांहून अधिक. सप्टेंबर २०१२ मध्ये तो बाजारात आला.

पहिल्या जहाजावर तीन माणसं असतात. मागे शत्रूचा ताफा लागलेला असतो आणि एक महत्त्वाची बातमी आपल्या लोकांपर्यंत पोचवायची असते. इथलं चलन म्हणजे भंगार. शत्रूचं जहाज हरवलं की भंगार मिळतं आणि त्यातूनच सगळं विकत घ्यायचं.

इथे पहिली फजिती होते ती विजेची. ढाल वाढवली, पण ती चालवायला वीज कुठली? अणुभट्टीची ताकद वेगळी विकत घ्यावी लागते. भट्टी वाढवली नाही, तर नवी ढाल म्हणजे नुसती शोभेची वस्तू. शिवाय ढालीचं दुसरं आवरण हवं, तर यंत्रणा दोन पायऱ्या चढवावी लागते. एकच पायरी चढून पैसे संपले, तर आणखी आवरण काही मिळत नाही. अर्धवट खरेदी म्हणजे पैसे गेले आणि हाती काही लागलं नाही.

दुसरी फजिती माणसांची. उत्तम इंजिन बसवलं, पण वैमानिकाच्या खुर्चीत कुणी नसेल, तर सुरुवातीच्या जहाजाला ना हल्ला चुकवता येत, ना पुढच्या ताऱ्याकडे झेप घेता येत. यंत्र कितीही भारी असो, ते हलवणारा माणूस लागतोच. आणि माणसं एकसारखी नसतात. एंगी जमातीचे लोक दुरुस्ती दुप्पट वेगानं करतात, पण मारामारीत कच्चे. मँटिस लढण्यात पटाईत, पण त्यांच्या हाती पाना दिला तर काम रखडलंच. दगडासारखे रॉकमेन आगीत भाजत नाहीत, पण चालतात रमतगमत. कुणाला कुठे बसवायचं, यातच अर्धा खेळ जिंकला किंवा हरला जातो. शिवाय माणूस कामातून शिकतो. तोफेवर बसलेला लढाईगणिक तरबेज होत जातो. तो गेला, तर त्याच्या जागी दुसरा विकत घेता येतो, पण त्याचा अनुभव विकत मिळत नाही.

या खेळात मेलेला माणूस सहसा परत येत नाही. एका ठिकाणी राक्षसी कोळ्यांनी वेढलेल्या लोकांची हाक ऐकू येते. मदतीला आपली माणसं पाठवायची का? पाठवली तर बक्षीस मिळेल किंवा आपल्यातला एकजण कायमचा जाईल. खेळाडूंना माणसांची नावं बदलता येतात, आणि मग मुलं हमखास जहाजावर ताई, दादा, जिवलग मित्र असे भरती करतात. अशा वेळी ताईला कोळ्यांपुढे पाठवायचं की नाही, हा प्रश्न निव्वळ आकड्यांचा राहत नाही.

विसरलेलं एक बिल

काही खेळांत मात्र हा हिशेब पडद्याबाहेर येतो आणि पालकांनी सावध व्हायला हवं ते इथेच. आइसलँडमधल्या कंपनीनं २००३ साली सुरू केलेल्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये हजारो माणसं एकाच विश्वात वावरतात. जानेवारी २०१४ मध्ये त्यात एका भागाची मालकी टिकवण्यासाठी भरायचं बिल एका गटाकडून भरलं गेलं नाही. प्रतिस्पर्ध्यांनी ती संधी साधली आणि सुमारे २१ तास चाललेली लढाई झाली. टायटन नावाची ७५ अवाढव्य जहाजं त्यात नष्ट झाली. खऱ्या पैशांत नुकसानीचा अंदाज होता सुमारे ३ लाख डॉलर! विजेचं बिल भरायला विसरल्यावर घरात अंधार होतो, इथे आरमार बुडालं.

२०१२ साली जाहीर झालेल्या 'स्टार सिटिझन'ची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात खऱ्या पैशांनी जहाजं विकली जातात आणि काहींची किंमत शेकडो डॉलर असते. २०२२ पर्यंत या खेळासाठी लोकांकडून ५० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. घेणाऱ्या मोठ्या माणसांनी ती आपल्या खुशीनं दिली असेल, पण मुलांच्या बाबतीत इथेच गोष्ट बिघडते. भंगार वेचून, हरून, पुन्हा उभं राहून मिळवलेली ढाल मुलाला काटकसर शिकवते. वडिलांचं कार्ड वापरून एका क्षणात घेतलेली ढाल फक्त हट्ट शिकवते.

घरात काय करावं?

खेळ आणण्यापूर्वी एवढंच विचारा, एकदा पैसे दिल्यावर आत पुन्हा काही विकत घ्यावं लागतं का? 'एफटीएल'सारख्या खेळात तसं नसतं. २०१४ मध्ये आलेली त्याची वाढीव आवृत्तीसुद्धा जुन्या खेळाडूंना फुकट मिळाली. जिथे आत दुकान आहे, तिथे कार्डाचा नंबर खेळात साठवून ठेवू नका आणि पासवर्ड तुमच्याजवळच राहू द्या.

"आत्ता थांबताच येणार नाही," हे कारणही तपासून पाहा. 'एफटीएल' एकट्यानं खेळायचा खेळ आहे. तो मध्येच थांबवून, साठवून, जेवणानंतर पुढे सुरू करता येतो. ऑनलाइन खेळात सोबती वाट पाहत असतात, म्हणून तिथे वेळ आधीच ठरवून घ्या. खेळावर ताबा न राहणं, अभ्यास, झोप, माणसं यांपेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही तो न सुटणं, ही लक्षणं दीर्घकाळ दिसली तर दुर्लक्ष करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत याची नोंद आहे. अशा वेळी रागावण्याऐवजी डॉक्टरांचा सल्ला घेतलेला बरा.

एरवी मात्र "किती वेळ खेळलास?" या प्रश्नाला "आज काय घेतलंस आणि का?" या प्रश्नाची जोड द्या. विम्यापुरतं शिल्लक ठेवलंस का? तोफेवर कुणाला बसवलंस? तो गेला तर पुढे काय? मुलं हे सगळं भरभरून सांगतात, कारण हे त्यांना कुणी विचारतच नाही. पुढच्या वेळी घरातलं जुनं फ्रीज बदलायचं की दुरुस्त करायचं, याची चर्चा निघेल तेव्हा त्यांनाही शेजारी बसवा. ज्या मुलानं विजेविना ढाल घेऊन एकदा जहाज बुडवलं आहे, ते तुमच्या आधी विचारेल, "बाबा, याचं बिल किती येईल?"