आउटबॉक्समध्ये अडकलेले पत्र

सायंकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. कोटेशन सहाच्या आत ईमेलने पोहोचायचे आहे. वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही लहान वर्कशॉपच्या ऑफिसात दिसावे असे हे दृश्य. दर भरून झाले, ड्रॉइंग जोडली, ‘सेंड’चे बटण दाबले. पत्राची खिडकी बंद झाली म्हणजे पत्र गेले, असे समजून मालक चहा सांगतो. दुसऱ्या दिवशी पलीकडून फोन येतो, ‘तुमचे कोटेशन आलेच नाही.’ मग शोधाशोध सुरू होते आणि पत्र सापडते ते आपल्याच संगणकात, ‘आउटबॉक्स’ नावाच्या कप्प्यात, जसेच्या तसे पडलेले.

ईमेल नेमका ‘गेला’ कधी, याचे उत्तर आपल्या कायद्यातच आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 13 नुसार, दोन्ही पक्षांनी वेगळे काही ठरवले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरच्या संगणक यंत्रणेत शिरतो तेव्हा तो रवाना झाला असे धरले जाते. आउटबॉक्स असतो पाठवणाऱ्याच्याच संगणकात किंवा मोबाइलमध्ये. म्हणजे तिथे पडून असलेले पत्र कायद्याच्या लेखीही निघालेलेच नाही. ‘मी बटण पाच चाळीसला दाबले होते’ हे म्हणणे खरे असूनही फारसे कामाला येत नाही.

न पोहोचलेल्या ईमेलच्या तीन तऱ्हा असतात आणि त्यांची गल्लत झाली की उपाय भलतीकडे होतो. पत्ता चुकला असेल तर पत्र बहुधा परत येते. ‘पोहोचवता आले नाही’ असा इंग्रजी निरोप काही वेळाने इनबॉक्समध्ये पडतो. दुसऱ्या तऱ्हेत पत्र पोहोचते, पण पलीकडच्या स्पॅमच्या ढिगात जाते. आउटबॉक्समध्ये अडकलेले पत्र या दोन्हींहून वेगळे. ते घराबाहेरच पडलेले नसते, त्यामुळे पलीकडच्या माणसाला ‘तुमचा स्पॅम तपासा’ म्हणून त्रास देण्यात अर्थ नसतो. दोष अलीकडे असतो. यात वाईट भाग एवढाच, की परत आलेले पत्र निदान बोलते, अडकलेले गप्प बसते.

हा कप्पा मुळात ठेवला कशासाठी, हे डायल-अपचे दिवस आठवणाऱ्यांना सांगावे लागणार नाही. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होई आणि प्रत्येक मिनिटाचे पैसे पडत. म्हणून लोक आधी सगळी पत्रे लिहून ठेवत, ती आउटबॉक्समध्ये साठत, मग मोडेम खरखरत जोडला गेला की सगळी एकदम निघत. अक्षरशः टपालपेटीच. आता जोडणी चोवीस तास असते. पत्र तिथे क्षणभरच थांबते, म्हणून हा कप्पा आहे हेच आपण विसरलो.

त्या क्षणात काय घडते? ईमेल पाठवण्याचे नियम ऑगस्ट 1982 मध्ये जॉन पोस्टेल या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने लिहून काढले. ‘एसएमटीपी’ या नावाने ते ओळखले जातात आणि थोड्याफार दुरुस्त्यांसह आजही चालतात. त्यात चक्क संवाद असतो. आपला संगणक सर्व्हरला आधी नमस्कार करतो, मी अमुक म्हणतो, पत्र कोणाकडून आणि कोणासाठी ते सांगतो, मग मजकूर देतो. सर्व्हर प्रत्येक वाक्याला तीन आकडी उत्तर देतो. मजकूर दिल्यानंतर 250 असे उत्तर आले, की पत्राची जबाबदारी सर्व्हरने घेतली. त्यानंतरच आपला प्रोग्राम पत्र आउटबॉक्समधून उचलून ‘सेंट’मध्ये ठेवतो. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. पाचने सुरू होणारा म्हणजे ‘नाही’. 535 आला तर पासवर्ड पटलेला नाही, 552 आला तर पत्र फार जड आहे. आकड्याची ही चिठ्ठी प्रोग्रामच्या एखाद्या कोपऱ्यात बहुतेकदा नोंदलेली असते, आपण ती न वाचता बंद करतो. डॉक्टरने ताप मोजून कागदावर लिहून द्यावा आणि पेशंटने कागद रिक्षातच टाकून यावे, तसे हे आहे.

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे जड अटॅचमेंट. ईमेलची व्यवस्था केवळ साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बनली होती. फोटो, ड्रॉइंग, एमआरआयच्या प्रतिमा त्यातून न्यायच्या तर त्यांचे आधी अक्षरांत रूपांतर करावे लागते. या रूपांतरात दर तीन बाइटची चार अक्षरे होतात, म्हणजे फाईल एक तृतीयांशाने फुगते. मर्यादा 25 एमबीची असेल तर मूळ फाईल 18 एमबीच्या वर गेली की ती ओलांडली जाऊ शकते. संगणकावर फाईल 22 एमबी दिसत असते, ‘मग जात का नाही’ म्हणून माणूस चिडतो. आउटलुकसारख्या प्रोग्रामची स्वतःची मर्यादा तर अनेकदा 20 एमबीच असते.

मर्यादेत बसणारी फाईलही अडकू शकते. इंटरनेटची जाहिरात उतरवून घेण्याच्या वेगाची असते, चढवण्याचा वेग पुष्कळदा बराच कमी असतो. फुगून 25 एमबी झालेले पत्र सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने चढवायला 200 सेकंद, म्हणजे सव्वातीन मिनिटांहून जास्त लागतात. तेवढ्यात लाइन एकदा जरी तुटली तरी अर्ध्यावरून पुढे चालू ठेवण्याची सोय साधारणपणे नसते; पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तुटली, पुन्हा पहिल्यापासून. आणि काही प्रोग्राम पत्रे एकामागून एक पाठवतात, त्यामुळे पुढचे जड पत्र अडले की मागची दोन ओळींची पत्रेही खोळंबतात. छत्रपती संभाजीनगरकरांना हा प्रकार नळाच्या अनुभवातून कळावा. पाइपात हवा अडकली की मागे पाणी असूनही नळ फुसफुसत राहतो. सतराव्या शतकात मलिक अंबरने शहरासाठी नहर आणली, तेव्हा ही अडकलेली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत मनोरे बांधले गेले होते. आउटबॉक्सला असा मनोरा नाही. जड पत्र आपणच बाजूला काढावे लागते.

पण ते सहज निघत नाही. ‘हे पत्र पाठवले जात आहे’ असे म्हणत प्रोग्राम हात लावू देत नाही. त्यावर साधी युक्ती आहे. इंटरनेट बंद करावे किंवा प्रोग्राममधला ‘वर्क ऑफलाइन’ पर्याय निवडावा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा, मग ते पत्र ‘ड्राफ्ट’मध्ये ओढावे. तिथे फाईल काढून ती गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवावी आणि पत्रात फक्त लिंक द्यावी. याच ‘ऑफलाइन’ पर्यायावर चुकून क्लिक झाले असेल, तर मात्र सगळीच पत्रे अडकतात. बाकी काही करण्याआधी तेवढे एकदा पाहून घ्यावे. जुन्या आउटलुकची आणखी एक खोड आहे. आउटबॉक्समधले पत्र ‘गेले का बघू’ म्हणून उघडले आणि तसेच बंद केले, तर ते रांगेतून बाहेर पडते. पाठवण्याच्या तयारीतले पत्र यादीत तिरप्या अक्षरांत दिसते, ते सरळ झाले की समजावे, पुन्हा ‘सेंड’ दाबल्याशिवाय ते जाणार नाही. काळजीपोटी पाहायला गेलेल्या माणसाचेच पत्र अडकावे, ही रचना करणाऱ्याला काय म्हणावे!

‘येणारे मेल व्यवस्थित येतात, मग जाणारेच का अडतात?’ हा प्रश्न दुरुस्तीवाल्यांना नेहमी ऐकावा लागतो. कारण येण्याची आणि जाण्याची दारे वेगळी असतात. जाणारे मेल पूर्वी 25 क्रमांकाच्या पोर्टवरून जात. स्पॅम पाठवणाऱ्यांनी त्याचा एवढा गैरवापर केला, की अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकांसाठी ते दार बंदच ठेवतात. पाठवणाऱ्याची ओळख तपासून पत्र घेण्यासाठी 587 आणि 465 ही दारे आहेत. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी भरून दिलेल्या सेटिंगमध्ये 25 राहिलेले असते. कंपनी बदलली, वाय-फाय बदलले, की पत्रे अडतात. ऑफिसात जाते, घरून जात नाही, अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा. दुसरा पासवर्डवर. गुगलने 30 मे 2022 पासून वैयक्तिक खात्यांसाठी जुन्या प्रोग्राममधून नुसत्या पासवर्डने आत येणे बंद करायला घेतले. अशा प्रोग्रामसाठी आता दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा वेगळा ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो.

एक कारण तर तीन व्होल्टच्या नाण्याएवढ्या सेलमध्ये दडलेले असते. जुन्या डेस्कटॉपमधला हा सेल संपला, की वीज गेल्यावर संगणकाचे घड्याळ मागे जाते. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना त्याचे प्रमाणपत्र तपासले जाते आणि त्यावर मुदत असते. संगणकाच्या मते साल 2010 चालू असेल, तर त्याला ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असे दिसते आणि तो बोलणी मोडतो. पडद्यावरची तारीख आधी पाहिली तर मेकॅनिकची फेरी वाचते.

अशा बिघाडांतली सर्वांत गाजलेली गोष्ट अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची. तिथले संगणक सांभाळणारे ट्रे हॅरिस यांनी 2002 मध्ये ती सांगितली. घटना त्याआधीच्या दशकातली. संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला: ‘आमचे ईमेल पाचशे मैलांपलीकडे जात नाहीत.’ ईमेलला अंतर कळत नाही, त्यामुळे हॅरिस यांना हसू आले. पण तपासले तर तक्रार खरी निघाली. सर्व्हरची प्रणाली बदलताना ईमेलचा जुना प्रोग्राम बसला होता, त्याला नवी सेटिंग वाचता येत नव्हती आणि उत्तराची वाट पाहण्याची मुदत शून्य धरली गेली होती. प्रत्यक्षात ती सुमारे तीन मिलिसेकंद पडत होती. तेवढ्या वेळात प्रकाश जातो सुमारे 900 किलोमीटर. त्याच हिशेबाने छत्रपती संभाजीनगरहून नागपूर, हैदराबादला पत्र गेले असते आणि दिल्लीचे अडकले असते. गणित फार काटेकोर नाही, हे हॅरिस यांनीही मान्य केले आहे. पण प्रमुखांनी हसण्यावारी जाईल म्हणून तक्रार दडपली नाही, कोणत्या गावाला जाते आणि कोणत्या नाही याची नोंद ठेवली, म्हणून दोष सापडला.

मोबाइलवर कारणे थोडी निराळी. जीमेलच्या ॲपमध्ये पत्राखाली ‘क्यूड’ असे दिसले तर ते रांगेत आहे. डेटा सेव्हर किंवा बॅटरी सेव्हर चालू असणे, सिंक बंद असणे, वाय-फायचे चिन्ह दिसूनही त्यामागे इंटरनेट नसणे ही नेहमीची कारणे. एक मात्र पटकन लक्षात येत नाही: गुगलची मोफत 15 जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून असते. लग्नाच्या व्हिडिओंनी ती भरली, की मेल येणेही थांबते आणि जाणेही.

आणि घड्याळात खरोखरच पाच चाळीस झाले असतील तर? तेव्हा सेटिंग उघडत बसू नये. ‘सेंड’ पुन्हापुन्हा दाबू नये, त्याने रांगेत प्रती वाढतात. ब्राउझर उघडून थेट ईमेलच्या संकेतस्थळावर जावे आणि पत्र तिथून पाठवावे. त्यात आपल्या प्रोग्रामचे पोर्ट, त्याचा साठवलेला पासवर्ड, त्याची रांग हे सगळे टळते. लाइनच बंद असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट वापरावा. पत्र ‘सेंट’मध्ये दिसले की वेळेसह त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि पलीकडे फोन करून विचारावे. मग आउटबॉक्समधली जुनी प्रत आठवणीने काढून टाकावी. नाहीतर चार दिवसांनी लाइन सुधारली की ती आपोआप निघते आणि तोवर दर कमी करून दिलेला असेल, तर आधीचा चढा दर पुन्हा त्याच गिऱ्हाइकाच्या हाती पडतो.