फोन ठेवल्यानंतरचा पहिला तास

सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि जवळजवळ दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. ज्या घरातलं कुणीच त्यात सापडलं नाही असं घर पेण शहरात तेव्हा शोधावं लागलं असतं. ठेवीदारांनी संघर्ष समिती उभी केली, मोर्चे काढले, न्यायालयाचे उंबरे झिजवले. लढाई वर्षानुवर्षं लांबली, पण ती चारचौघांत लढली गेली. बँकेत पैसे ठेवलेसच कशाला, असं त्या ठेवीदाराला कुणी तोंडावर विचारलं नाही.

आज त्याच गावातला माणूस फोनवरून फसवला गेला की गप्प बसतो. बायकोला सांगत नाही, पुण्या-मुंबईतल्या मुलाला तर नाहीच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला आपण एका फोनवर फसलो हे कबूल करणं फार जड जातं. दोन दिवस जेवण जात नाही, तिसऱ्या दिवशी कुणीतरी खोदून विचारतं आणि मग गोष्ट बाहेर येते. तोवर पैसे पाच-सहा खात्यांतून फिरून कुठल्या तरी एटीएममधून निघालेले असतात. चोराला आपल्या अज्ञानापेक्षा आपल्या लाजेचा जास्त फायदा होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून फसवणूक कशी ओळखायची हे तर सांगणारच आहे, पण फसल्यावर काय करायचं यावर जास्त लिहिणार आहे.

हा धंदा मुळात परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी उभा राहिला. अमेरिकेतल्या एखाद्या आजोबांच्या संगणकावर अचानक पडदाभर सूचना येते, भोंगा वाजू लागतो, ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, मायक्रोसॉफ्टला या क्रमांकावर फोन करा’ असं लिहिलेलं असतं. घाबरून फोन केला की पलीकडचा माणूस दुरून संगणकाचा ताबा घेतो आणि विंडोजमधली ‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही नोंद उघडून दाखवतो. तिथे लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो ओळी असतात. अशा ओळी प्रत्येक धडधाकट संगणकात असतात, पण ते त्या आजोबांना कुठून ठाऊक असणार? मग ‘दुरुस्ती’चे काही शे डॉलर घेतले जातात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये अशा टोळ्यांवर एकदम सहा दावे लावले, त्यांतल्या बहुतेकांचे धागे भारतात पोहोचत होते. तरीही २०२३ या एका वर्षात ‘टेक सपोर्ट’च्या नावाखाली ९२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेल्याची नोंद एफबीआयकडे झाली.

महाराष्ट्र या कथेत दोन्ही बाजूंना आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली, तेव्हा सातशेहून अधिक तरुण-तरुणी तिथे रात्रपाळीला बसलेल्या सापडल्या. अमेरिकी आयकर खात्याचे अधिकारी असल्याचं सांगून अमेरिकेतल्या लोकांना अटकेची भीती घालायची आणि गिफ्ट कार्डांचे क्रमांक वदवून घ्यायचे, हे त्यांचं काम होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने इगतपुरीतल्या एका रिसॉर्टमध्ये चालणारं असंच केंद्र पकडलं. तिथून अॅमेझॉनचे मदतनीस असल्याचं भासवून अमेरिका, कॅनडा वगैरे देशांत फोन जात. ४४ लॅपटॉप आणि ७१ मोबाइल जप्त झाले. पर्यटकांच्या गजबजाटात रात्री जागणारी खोली कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, एवढ्यासाठीच तर रिसॉर्ट. या खुर्च्यांवर बसणारी बरीच मुलं विशी-पंचविशीतली असतात. ‘इंग्रजी बोलता आलं की पुरे’ अशी जाहिरात वाचून ती येतात, आणि आपण काय करतो हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलेलं असतं. नोकरी मिळत नव्हती, हे त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

आता आपल्याकडे या. इथे संगणकापेक्षा मोबाइल जास्त, आणि पुष्कळदा फोन चोर करत नाही, आपणच करतो. समजा, रोह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा गॅसचा सिलिंडर बुक होत नाही, किंवा ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरचे पैसे परत यायचे आहेत. ते गूगलवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ असं टाकतात. वर येणारा क्रमांक चोरांनी पेरलेला असतो. फोन आपण लावला, म्हणजे पलीकडचा माणूस खराच असणार, असं मन धरून चालतं. तो अतिशय अदबीने बोलतो. ‘सर, रिफंड आत्ताच देतो, फक्त एक अॅप घ्या.’ एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट, नाव काहीही असो. ही अॅपं मुळात वाईट नाहीत, कार्यालयांत रोज वापरली जातात. पण त्यातला कोड सरांनी वाचून दाखवला आणि ‘परवानगी द्या’वर बोट ठेवलं की त्यांचा पडदा पलीकडे दिसू लागतो. मग ‘नोंदणीसाठी फक्त १० रुपये पाठवा’. ते १० रुपये पाठवताना टाकलेला पिन आणि पाठोपाठ आलेला ओटीपी, दोन्ही चोर वाचत असतो. रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कबद्दलचा इशारा फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. आता तर वेगळं अॅपही लागत नाही. व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ कॉलमध्येच पडदा दाखवण्याची सोय आहे.

दुसरी वाट विजेची. ‘मागचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा’ हा संदेश रायगडातही पुष्कळांनी पाहिला असेल. महावितरण असा कुणाचा वैयक्तिक मोबाइल क्रमांक देत नाही. तिचे संदेश ‘एमएसईडीसीएल’ या नावाने येतात, दहा आकडी क्रमांकावरून नव्हे. तिसरी वाट व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या फाइलची: लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानची यादी. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नाही, अॅप आहे. ते बसलं की तुमचे सगळे एसएमएस गुपचूप पुढे पाठवतं.

पेण, हमरापूर, जोहे, कळवे इथल्या मूर्तिकारांना एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. हंगामात अनोळखी गिऱ्हाइकांचे फोन येणं हाच त्यांचा धंदा. मूर्ती तर परदेशीही जातात. अशा गर्दीत कुणी ‘लष्करातून बोलतोय, युनिटसाठी मूर्ती हव्यात, आगाऊ रक्कम घ्यायला हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असं म्हणाला तर फोन तिथेच ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला जातोय, म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार आहेत.

ओळखायचं कसं, तर याला फार तंत्र लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीच नसतो. खरी कंपनी दुरुस्तीचे पैसे गिफ्ट कार्डात मागत नाही. बँका सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करू लागल्या आहेत आणि त्यांची संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’वर गेली आहेत. पण खरी खूण आवाजात असते. घाई आणि ‘फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका’ ही तंबी जिथे येते, तिथे दुसऱ्या कुठल्याही पुराव्याची गरज नाही. क्रमांक हवा असेल तर तो कार्डाच्या मागच्या बाजूला, पासबुकावर किंवा बिलावर छापलेला असतो. तिथून घ्यावा, गूगलवरून नव्हे.

आणि तरीही फसलात तर?

आधी मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफायही बंद झालं का पाहा. संगणक असेल तर इंटरनेटची वायर काढा. चोराचा हात त्या क्षणी सुटतो. मग दुसऱ्याच्या फोनवरून, शेजाऱ्याच्या का असेना, १९३० हा क्रमांक लावा. ही राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनी. तुमचा खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक सांगितला की ही माहिती बँकांकडे जाते, आणि पैसा ज्या खात्यात पोहोचला असेल तिथे तो गोठवण्याचा प्रयत्न होतो. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून ते मिनिटामिनिटाला पुढे सरकवतात. म्हणून उद्या सकाळी बँक उघडल्यावर बघू, असं म्हणू नये. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले, आणि २०२१ पासून २०२५ च्या मध्यापर्यंत या यंत्रणेने वाचवलेली रक्कम साडेपाच हजार कोटींच्या आसपास आहे, अशी आकडेवारी केंद्र सरकारने संसदेत दिली. आकडा तोकडा वाटेल. पण वेळेत फोन करणाऱ्यांचाच पैसा त्यात असतो.

१९३० नंतर लगेच बँकेची मदतवाहिनी. कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करा. पोलीस ठाणं कुठलंही चालतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घेतली पाहिजे. पेण किंवा रोहा पोलीस ठाण्यात जा; रायगड जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं अलिबागला आहे. स्क्रीनशॉट, संदेश, कॉलची यादी यातलं काहीही पुसू नका. गोठवलेले पैसे आपोआप परत येत नाहीत, त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो, आणि तेव्हा हे कागद कामी येतात.

बँकेच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ध्यानात ठेवा. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर शून्य भार. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपये. तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे कायदाही कळवण्याची वेळच मोजतो. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. जबाबदारी ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला शुल्क नाही. या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रोह्याचे. रोहेकरांनी तरी हा हक्क सोडू नये.

मोबाइलचं पुढे काय, तर फोटो आणि नंबर उतरवून घेऊन तो फॅक्टरी रीसेट करावा. नुसतं अॅप काढून भागतंच असं नाही. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, आणि सगळ्यांत आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्याच्या किल्ल्या तिथे जातात. व्हॉट्सअॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी यंत्र जोडलंय का पाहा. कॉल दुसरीकडे वळवले असल्याची शंका आली तर ##००२# डायल केल्यावर ते रद्द होतात.

यानंतर काही आठवड्यांनी आणखी एक फोन येऊ शकतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, सोडवण्याची फी भरा.’ हे त्याच टोळीचं किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेल्यांचं काम. पैसे परत देण्यासाठी सरकार फी घेत नाही. एकदा पोळलेला माणूस आशेने दुसऱ्यांदा देतो, आणि हे मला पहिल्या फसवणुकीपेक्षा जास्त क्रूर वाटतं.

शेवटी घरातल्या तरुणांशी. वडिलांचा किंवा आईचा फोन आला की ‘कितीदा सांगितलं होतं’ हे वाक्य गिळा. कधी घडलं, किती गेले, १९३० ला लावलात का, एवढंच विचारा. रागवायचंच असेल तर पुढच्या आठवड्यात रागवा. आणि या दिवाळीत घरी जाल तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये १९३० आणि त्यांच्या बँकेचा खरा क्रमांक भरून द्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक अक्षरांत लिहा, आणि असं काही झालं तर पहिला फोन तिथे आणि दुसरा आपल्यालाच करायचा, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगा.