पिवळ्या गुळातला 'हायड्रॉस'

इचलकरंजीची कापड प्रोसेस हाउस आणि करवीर-पन्हाळ्याची गुऱ्हाळं यांचा एकमेकांशी काय संबंध? दोन्हीकडे सापडणारी एक पांढरी पावडर. व्यवहारात तिला 'हायड्रॉस' म्हणतात. रसायनशास्त्रात ती सोडियम हायड्रोसल्फाइट.

समोरच्या पदार्थाचं क्षपण करणं, हा तिचा गुणधर्म. निळीसारखे व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाहीत. अल्कली आणि हायड्रॉस घातलं की ते विरघळतात, धाग्यात शिरतात आणि हवा लागताच मूळ रंगावर येऊन तिथेच पक्के बसतात. कागदाचा लगदा उजळायलाही हेच रसायन लागतं. भारतात ते तयार होतं, शिवाय चीन आणि दक्षिण कोरियातून येतं. या स्वस्त आयातीविरुद्ध देशी उत्पादकांनी अँटी-डम्पिंग शुल्काची मागणीही केली होती.

वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ते 'आपोआप पेट घेणाऱ्या' पदार्थांत मोडतं. थोडा ओलावा लागला तरी ते तापतं, गुदमरवणारा सल्फर डायऑक्साइड सोडतं आणि पेटूही शकतं. अमेरिकेत न्यू जर्सीतील लोडी इथे 21 एप्रिल 1995 रोजी हायड्रॉस आणि ॲल्युमिनियमची भुकटी असलेल्या मिश्रणात पाणी शिरलं. त्या स्फोटात 5 कामगारांचा बळी गेला.

मग ते गुऱ्हाळात का? बाजारात पिवळाधमक गूळ भाव खातो म्हणून. उकळत्या काहिलीत हायड्रॉस टाकलं की रसातली रंगद्रव्यं फिकट होतात. गूळ त्याने स्वच्छ होत नाही, फक्त उजळ दिसतो. साठवणीत हवा लागली की पुन्हा काळवंडतो. मागे राहतो तो सल्फर डायऑक्साइडचा अंश. दम्याच्या काही रुग्णांना त्याने त्रास होतो, म्हणूनच अन्नसुरक्षा नियमांत त्यावर मर्यादा आहे. शिवाय कारखान्यासाठी बनलेल्या पावडरीत कोणती अशुद्धी असेल, याची हमी गुळव्याला कोण देणार?

मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस आणि बेताचा चुना हे जुने उपाय आजही चालतात. त्यातून निघणारा गूळ तांबूस-तपकिरी असतो. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते टिकवायचं तर केवळ गुळव्याला दोष देऊन भागणार नाही. सौद्यात तांबूस गुळाला रास्त भाव मिळाला, तर हायड्रॉसची गरजच उरणार नाही. दुकानात गेल्यावर पिवळ्या ढेपेऐवजी तांबूस ढेप मागा. हा बदल गिऱ्हाइकापासूनच सुरू होईल.