काळ्या बंड्याचा फोटो

काळं कुत्रं किंवा काळं मांजर ज्यांच्या घरी आहे, त्यांच्या मोबाइलमध्ये एका ठरावीक जातीचे फोटो हमखास सापडतात. सोफ्याचं कव्हर स्वच्छ दिसतं, मागची खिडकी लख्ख दिसते, कुंडीतल्या तुळशीची पानं मोजता येतात, आणि मधोमध कुत्र्याच्या आकाराचं एक काळं भोक! डोळे नाहीत, नाक नाही, मान कुठे संपते नि कान कुठे सुरू होतो तेही कळत नाही. पांढऱ्या पॉमेरेनियनवाल्यांना हे दुःख कळायचं नाही.

यात दोष कुत्र्याचा नाही आणि फोटो काढणाऱ्याचाही फारसा नाही. समोर कुत्रा आहे की कोळशाचं पोतं, याच्याशी कॅमेऱ्याला देणंघेणं नसतं. तो चौकटीतला सगळा उजेड बघतो आणि एकंदर चित्र मध्यम करड्या छटेच्या आसपास बसेल असं माप धरतो. मागे खिडकी असली की तिच्यामुळे तो उजेड कमी करतो. शेजारी माणूस असला की बरेच फोन त्याचा चेहरा शोधून त्याच्या हिशेबाने माप धरतात. काळी लव मुळातच फार थोडा उजेड परत पाठवते. वरून ही कपात झाली की तिच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरत नाही.

हे सगळं मी नीट समजून घेतलं ते आमच्या मामींच्या बंड्यामुळे. इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या त्या घरात तो तेरा वर्षं राहिला. रस्त्यावरून आलेला, कुळकुळीत काळा, हनुवटीखाली चार पांढरे केस आणि डाव्या कानाच्या टोकाला जुन्या मारामारीतली खाच. मामा गेल्यानंतरची सहा वर्षं घरात मामी आणि तो, दोघंच. गेल्या भाद्रपदात तोही गेला. महिनाभराने मामींनी आपला फोन माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "अगं, यात त्याचे तीनशेच्या वर फोटो आहेत. एक मोठा करून दे, यांच्या फोटोशेजारी लावायचाय. पण त्याचं तोंड दिसलं पाहिजे हं."

मी सगळे पाहिले. तोंड दिसेल असा एकही नव्हता.

निवडून तीन फोटो बाजूला काढले आणि केबल लावून फोनमधल्या मूळ फाइली संगणकावर घेतल्या. ही केबलची खटपट टाळू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो आणि त्यात पहिला बळी जातो तो अंधारातल्या बारकाव्यांचा. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. आणि मूळ फाइलला हात न लावता नेहमी तिच्या प्रतीवर काम करावं.

मी वापरलं ते गिम्प. १९९५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आजही पूर्ण मोफत आहे. फोटोशॉप असेल तर उत्तमच. फोनवरच्या स्नॅपसीडमध्येही बरंचसं होतं. साधनापेक्षा आधी कळायला हवं की फाइलमध्ये काही शिल्लक आहे का. साध्या जेपेग फोटोत प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला ० ते २५५ असे आकडे असतात; ० म्हणजे ठार काळं. गिम्पमधला कलर पिकर कुत्र्याच्या चेहऱ्यावर ठेवला की हे आकडे दिसतात. पडद्यावर दोन फोटो सारखेच काळे दिसत असले, तरी एकात चेहऱ्यावर १५ ते ४० असे आकडे असू शकतात आणि दुसऱ्यात नुसते ०, १, २. पहिल्यात कुत्रा आहे, फक्त अंधारात बसलाय. दुसऱ्यात तो नाहीच.

दिवाळीच्या रात्री गच्चीवर काढलेला फोटो या दुसऱ्या प्रकारातला निघाला. मामींचा तो सगळ्यात लाडका, कारण बंड्या पणतीकडे मान वळवून बघत होता. कितीही उजळला तरी काळ्याच्या जागी मातकट धुकं येत होतं आणि त्यात लाल-निळे दाणे. तो सोडून दिला.

खिडकीचा फोटो मात्र जिवंत होता. दिवाणावर बंड्या, मागे सकाळचं ऊन. इथे सगळ्यांचा हात सर्वात आधी ब्राइटनेसवर जातो, आणि तिथेच बिघडतं. ब्राइटनेस वाढवला की खिडकी पांढरी फटक होते आणि कुत्रा करडा. उजेड हवाय तो फक्त सावलीतल्या भागाला. म्हणून मूळ थराची एक प्रत वर ठेवली आणि ती प्रत 'कलर्स' मेनूतल्या लेव्हल्सने उजळली. तिथे फोटोचा आलेख दिसतो; अंधाऱ्या फोटोत त्याचा सगळा डोंगर डावीकडे गोळा झालेला असतो. आलेखाखालचा मधला त्रिकोण डावीकडे सरकवून १.०० चा १.५ केला. मग त्या वरच्या थराला काळा मास्क लावला, म्हणजे तो थर पूर्ण झाकला गेला. मऊ कडांच्या ब्रशने मास्कवर पांढरा रंग फिरवत गेले, तसतसा तेवढ्याच जागी उजळलेला बंड्या वर येत गेला. खिडकी होती तशीच राहिली.

माझे वडील न्हाणीघरात लाल दिवा लावून कृष्णधवल फोटो छापायचे. एन्लार्जरखाली तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ती कागदावर हलवत राहायचे. चकतीने अडवल्यामुळे तिथे कागदावर प्रकाश कमी पडे आणि तेवढा भाग छापात उजळ येई. याला 'डॉज' म्हणत. फोटोशॉपमधल्या त्या नावाच्या हत्याराचं चित्र आजही तसंच आहे, काडीवर चकती. मुलांना ते लॉलीपॉप वाटतं.

उजळण्यात एक मोह असतो. केसन् केस दिसू लागला की आणखी थोडं, आणखी थोडं, असं होतं आणि शेवटी काळा कुत्रा राखाडी होऊन बसतो. म्हणून सगळं झाल्यावर लेव्हल्समधला डावा त्रिकोण किंचित आत सरकवला. नाकपुड्या, कानाच्या आतला भाग आणि बुबुळ पुन्हा खरेखुरे काळे झाले, आणि त्यांच्यामुळे बाकीची लवही काळीच वाटू लागली. डोळे तेवढे ब्रशने अंगाहून थोडे जास्त उजळले. माझ्या मते निम्मं काम तिथेच असतं. डोळे दिसले की बाकी शरीर अंधारात राहिलं तरी कुणाची तक्रार नसते.

उजळल्यावर दाणे दिसतातच. नॉइज रिडक्शन अगदी हलकं वापरलं, कारण जास्त झालं की लव प्लॅस्टिकची दिसते. रंगाचाही प्रश्न आला. चमकदार काळी लव आभाळाचा निळा रंग घेते, तो सॅच्युरेशन कमी करून घालवला. मानेवरची तांबूस झाकही घालवायला निघाले होते, तेवढ्यात मामी म्हणाल्या, "ती राहू दे. उन्हात लोळून लोळून त्याची मान तशीच झाली होती." काळी लव उन्हाने खरंच तांबूस पडते. घरच्यांना शेजारी बसवून काम करावं ते यासाठी.

तिसरा फोटो फ्लॅशचा. मामांच्या मांडीवर बंड्या, आणि डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, अंधारात दिसावं म्हणून. फ्लॅश त्यावरून उलटतो. रेड-आय घालवणारं बटण इथे बहुधा कामाचं नाही, कारण ते लाल रंग शोधतं. बाहुलीपुरता गोल निवडून कडा मऊ केल्या, रंग काढला, काळोखी वाढवली. मधला बारीक पांढरा ठिपका मात्र शाबूत ठेवला. तो गेला तर डोळा निर्जीव दिसतो.

इतक्यात बंगळूरहून मामेभावाचा फोन. दिवाळीचा तो सोडून दिलेला फोटो त्याने एआयच्या एका अ‍ॅपमधून काढून पाठवला होता. फोटो देखणा होता यात शंका नाही. चमकदार डोळे, ओली नाकपुडी, एकेक केस वेगळा. मामींनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिला आणि फोन खाली ठेवला. "कुत्रा छान आहे, पण हा कोण?" कानाला खाच नव्हती. हनुवटीचे पांढरे केस नव्हते. फाइलमध्ये जे नव्हतं ते त्या अ‍ॅपने दुसऱ्या हजारो कुत्र्यांवरून रचून भरलं होतं. गंमत म्हणून असे फोटो करायला माझी हरकत नाही. पण गेलेल्या जिवाची आठवण म्हणून भिंतीवर लावायचा असेल, तर मला खाचेचा कान जास्त महत्त्वाचा वाटतो, मग तो थोडा धूसर का असेना.

खिडकीचा फोटो ८ बाय १० इंचांत छापला. ३०० डीपीआयने त्याला २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, म्हणून मूळ फाइलचा आग्रह. कागदावर फोटो पडद्यापेक्षा अंधारा येतो, कारण पडदा स्वतः प्रकाशतो आणि कागद प्रकाशत नाही. त्यामुळे स्टुडिओतून आधी ४ बाय ६ च्या दोन चाचणी प्रती काढून घेतल्या, एक आहे तशी आणि एक थोडी उजळ करून. उजळ ठरली. कागद मॅट घेतला. चकचकीत कागदावरच्या काळ्या फोटोत समोरची ट्यूबलाइटच जास्त दिसते.

ज्यांचे बंड्या अजून दारात शेपटी हलवतायत त्यांना एवढी खटपट करायची वेळ येऊ नये. त्याला खिडकीच्या पुढे बसवू नका, खिडकी तुमच्या पाठीशी किंवा बाजूला घ्या. फ्लॅश बंद ठेवा. खाली काळी सतरंजी नको आणि पांढरी चादरही नको. मातकट किंवा फिकट हिरवं काहीतरी अंथरा. पडद्यावर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे फोन तिथलं माप धरेल. सूर्याचं चिन्ह आलं तर तेही थोडं वर सरकवा. मग घरातल्या कुणालातरी बिस्किटाचा पुडा वाजवायला सांगा. तो मान वर करेल, डोळ्यात खिडकीचा छोटा पांढरा चौकोन उमटेल. तेव्हा बटण दाबा, आणि एकदाच नको, पाच-सहा वेळा.