वाट पाहता पाहता झालेली वाट

आपल्या मराठी भाषेत ‘वाट’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. पायांखाली असते तीही वाट आणि डोळे लावून पाहावी लागते तीही वाट. पहिली तयार व्हावी म्हणून दुसरी किती काळ पाहावी लागते, हे खेड्यापाड्यांतील वाचकांना निराळे सांगावयास नको. ओढ्यावरचा पूल, शाळेकडे जाणारा रस्ता, बाजारगावाला जोडणारी सडक यांची पायाभरणी होते, नारळ फुटतो, खडीचे ढीग पडतात. आणि मग त्या ढिगांवर गवत उगवेपर्यंत कोणी फिरकत नाही. असे केवळ आपल्याकडेच घडते अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ज्या देशाच्या संपत्तीचे आपण कौतुक करतो, त्या अमेरिकेतील एका मोठ्या शहरात सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी एक वर्तुळाकार वाट बांधावयास घेतली, त्यास वीस वर्षे होत आली, तरी वर्तुळाची दोन टोके अद्याप पुरती जुळलेली नाहीत. हा उशीर का झाला, त्यातून काय मिळाले आणि काय गमावले, ही हकीकत ऐकण्याजोगी आहे.

जॉर्जिया राज्यातील अटलांटा हे ते शहर. ते नदीकाठी किंवा बंदरावर वसलेले नाही. ते आगगाडीच्या पोटी जन्मास आले. १८३७ साली लोहमार्ग जेथे संपावयाचा तेथे एक खुंटी रोवली गेली आणि तिच्याभोवती वस्ती वाढली. त्या वस्तीचे पहिले नावच मुळी ‘शेवटचे स्थानक’ अशा अर्थाचे होते. १८६४ साली यादवी युद्धात हे शहर जळाले, पुन्हा उभे राहिले, आणि मग त्याच्या मध्यभागी मालगाड्यांची इतकी गर्दी होऊ लागली की त्यांना गावाबाहेरून वळवून नेण्यासाठी निरनिराळ्या कंपन्यांनी शहराभोवती चार लोहमार्ग टाकले. त्यांच्या काठी गिरण्या, वखारी आणि कारखाने उभे राहिले. पुढे मालवाहू मोटारींचे युग आले. कारखाने बंद पडले, रूळ गंजले, आणि जपानातून आणलेली व दक्षिण अमेरिकी राज्यांत बेसुमार माजलेली कुडझू नावाची वेल त्या मार्गांवर पसरली. उरला तो गावाला पडलेला एक ओरखडा. त्याच्या एका अंगास सुखवस्तू गोऱ्यांची वस्ती, तर दुसऱ्या अंगास काळ्या कष्टकऱ्यांची, असे कित्येक ठिकाणी होते. मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मघर या मार्गाच्या पूर्वेकडील भागापासून फारसे दूर नाही.

१९९९ साली जॉर्जिया टेक या विद्यापीठात रायन ग्रॅव्हेल नावाच्या विद्यार्थ्याने पदव्युत्तर पदवीसाठी एक प्रबंध लिहिला. विद्यार्थिदशेत ते काही काळ पॅरिसमध्ये राहिले होते, आणि मोटारीवाचूनही शहरात सुखाने वावरता येते हे त्यांनी तेथे अनुभवले होते. त्यांची कल्पना साधी होती. शहराभोवतीचे हे चार पडीक लोहमार्ग एकमेकांस जोडले तर २२ मैलांचे, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरांचे, एक वर्तुळ होते. त्यावर ट्राम धावावी, तिच्या कडेने पायी चालणाऱ्यांनी व सायकलस्वारांनी जावे, आणि आजवर एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या सुमारे ४५ वस्त्या एका धाग्यात ओवल्या जाव्यात. प्रबंध मान्य झाला, पदवी मिळाली, आणि अशा प्रबंधांचे जे होते तेच याचेही होऊन तो फडताळात जाऊन पडला.

परंतु एवढ्यावर संपले नाही. काही वर्षांनी ग्रॅव्हेल आणि त्यांचे दोन सहकारी यांनी त्या प्रबंधाचा सारांश पत्रांसोबत अधिकाऱ्यांना धाडला. कॅथी वूलार्ड या नगरसेविकेने तो मनावर घेतला. मग चर्चच्या तळघरांत, शाळांत, वस्त्यांच्या मंडळांत सभा भरू लागल्या. कोणी श्रीमंत धनी पुढे आला म्हणून नव्हे, तर सामान्य रहिवाशांनी धरून ठेवली म्हणून ती कल्पना जगली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लवकरच या वाटेला ‘बेल्टलाइन’, म्हणजे कंबरपट्ट्याची वाट, हे नाव रूढ झाले.

आता प्रश्न उरला पैशाचा. त्यासाठी २००५ साली जी युक्ती योजली गेली, ती नीट समजून घेतली पाहिजे. कारण पुढील सर्व यश आणि सर्व दुःख तिच्याच पोटात दडलेले होते. या वर्तुळालगतच्या जमिनी व घरे यांच्यावरील त्या वर्षीचा कर हा पाया धरावयाचा. पुढील २५ वर्षांत भाव वाढून त्या करात जी भर पडेल, ती नगराच्या सामान्य तिजोरीत न जाता या वाटेच्या कामी यावी, आणि त्या भरवशावर कर्ज उभारावे, असे ठरले. नगरपालिका, परगणा आणि शाळा मंडळ या तिघांनी आपापल्या वाट्याच्या वाढीव करावर पाणी सोडण्याचे कबूल केले. म्हणजे वाट झाल्याने जमिनीचे मोल वाढणार, आणि मोल वाढल्याने वाट होणार. कागदावर हा हिशोब निर्दोष होता.

पण कागदावरची वाट जमिनीवर उतरवताना एकामागून एक धोंडे आडवे आले.

पहिला धोंडा जमिनीचा. लोहमार्ग पडीक झाला तरी तो बेवारस नसतो. ईशान्येकडील मोठा पट्टा २००४ साली एका जमीन व्यावसायिकाने सुमारे अडीच कोटी डॉलरांना विकत घेऊन ठेवला होता. तोच पट्टा २००७ साली लोकांच्या वाटेसाठी परत घेताना ६ कोटी ६० लाख डॉलर मोजावे लागले. वाटेची वार्ता वाटेच्या आधी पोहोचली, तर भाव कसा चढतो याचा हा पहिला धडा होता.

दुसरा धोंडा न्यायालयाचा. शाळांसाठी गोळा केलेला कर सायकलींच्या वाटेवर खर्च करणे राज्यघटनेस धरून आहे काय, असा प्रश्न एका नागरिकाने न्यायालयात उपस्थित केला. फेब्रुवारी २००८ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तसे करता येणार नाही. प्रश्न अगदीच गैर होता असे कोणास म्हणता येईल? मुलांच्या पाटीपेन्सिलीचा पैसा रस्त्यावर जावा काय, हे विचारण्याचा अधिकार करदात्याला असतोच. शेवटी नोव्हेंबर २००८ मध्ये राज्यातील मतदारांनी कौल देऊन घटनेत दुरुस्ती केली, तेव्हा मार्ग मोकळा झाला. तरीही शाळा मंडळाला द्यावयाच्या रकमेवरून नगरपालिकेशी पुढे वाद माजला, तो मिटावयास २०१६ साल उजाडले.

तिसरा धोंडा मंदीचा. २००८ च्या सुमारास अमेरिकेत घरांच्या किमती कोसळल्या. जी योजना भाववाढीच्या खांद्यावर बसली होती, तिच्यापुढे भावघसरण उभी राहिली. वाढीव करच नाही, तर त्यावर कर्ज कोण देणार? त्यातच जुलै २०१२ मध्ये वाहतुकीसाठी जादा विक्रीकर घेण्याचा ठराव मतदारांनी फेटाळला, आणि ट्रामची आशा आणखी लांबणीवर पडली.

याखेरीज प्रत्यक्ष बांधकामातील अडचणी वेगळ्याच. चौदा फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा ओतणे हे काम एरवी काही फार अवघड नाही. परंतु शंभर वर्षे ज्या जमिनीवरून आगगाड्या धावल्या, तिच्यात तेल, रसायने आणि सोमलासारखी विषे मुरलेली असतात. ती माती आधी काढावी किंवा झाकून टाकावी लागते. जुने पूल तपासून दुरुस्त करावे लागतात. पाण्याचे नळ, गटारे, विजेच्या तारा दुसरीकडे हलवाव्या लागतात, आणि त्या ज्यांच्या मालकीच्या असतात ते सर्वजण आपापल्या सोयीने येतात. जेथे वाट रहदारीच्या रस्त्यास छेदते, तेथे खालून न्यावी की वरून, याचा निराळाच खल. लोकांना दिसतो तो केवळ थांबलेला कामगार. त्याच्या मागे थांबलेले कागद दिसत नाहीत.

असे सगळीकडून अडलेले असताना लोकांनी काय केले? २०१० साली, पूर्वेकडील पट्ट्यावर काँक्रीटचा थेंबही पडलेला नसताना, तेथे चित्रे व शिल्पे मांडण्यात आली. आणि एका संध्याकाळी काही शे माणसे घरी तयार केलेले कागदाचे कंदील हाती घेऊन, वाजतगाजत त्या ओबडधोबड मार्गावरून चालत गेली. ज्या जागी अंधार पडल्यावर कोणी पाऊल ठेवीत नसे, ती जागा त्या रात्री उजळून निघाली. वाट बांधली गेली नव्हती, पण लोकांच्या मनात ती त्या रात्री झाली असे म्हणावयास हरकत नाही. ही कंदिलांची मिरवणूक पुढे शहराचा मोठा उत्सव बनली.

अशा रीतीने वर्तुळ एकदम न होता तुकड्यातुकड्यांनी झाले. २००८ साली पश्चिमेकडील पहिला छोटा भाग, २०१० साली उत्तरेकडील एक भाग, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये पूर्वेकडील सव्वादोन मैलांचा भाग खुला झाला. या शेवटच्या भागाने टीकाकारांची तोंडे बंद केली. मुले सायकल शिकू लागली, म्हातारी माणसे फिरावयास येऊ लागली, लोक कामावर सायकलीने जाऊ लागले. जवळच एक सखल भाग होता, तेथे पावसाचे पाणी तुंबून घरांत शिरत असे. तेथे जमिनीखाली मोठे भुयार खणण्याऐवजी एक तळे करून त्याभोवती बाग करण्यात आली. ती २०११ साली लोकांना खुली झाली. खर्चही वाचला आणि पुराचे पाणीही आवरले. १९२६ साली बांधलेली सिअर्स कंपनीची अवाढव्य वखार ओस पडली होती, ती २०१४ साली बाजारपेठ व निवासस्थाने होऊन गजबजली. पश्चिमेकडील तीन मैलांचा भाग केंद्र सरकारच्या मदतीने सप्टेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाला.

आणि येथेच हिशोबाची दुसरी बाजू दिसू लागली. २०११ ते २०१५ या काळात वाटेपासून अर्ध्या मैलाच्या आतील घरांच्या किमती शहरातील इतर घरांपेक्षा सुमारे १८ ते २७ टक्के अधिक वाढल्या, असे एका अभ्यासात दिसून आले. घराची किंमत वाढली की घरपट्टी वाढते, घरपट्टी वाढली की भाडे वाढते. ज्या आजीबाईंनी तळघरातील सभेला जाऊन या वाटेसाठी हात वर केला असेल, त्यांनाच आपले घर परवडेनासे व्हावे, अशी ही विलक्षण स्थिती. आरंभीच्या ठरावात २०३० पर्यंत ५,६०० परवडणारी घरे बांधण्याचे वचन होते. पण पहिली दहा वर्षे ते काम फार मागे पडले. सप्टेंबर २०१६ मध्ये खुद्द ग्रॅव्हेल यांनी या वाटेच्या कामात साहाय्य करणाऱ्या संस्थेच्या मंडळाचा राजीनामा दिला. सर्वांना सामावून घेण्याच्या बाबतीत पुरेसे प्रयत्न होत नाहीत, हे त्यांचे म्हणणे होते. आपणच लावलेल्या झाडाची सावली गरिबाला मिळत नाही हे पाहून बाजूस होणे सोपे नसते.

या राजीनाम्याने पुष्कळांचे डोळे उघडले. परवडणाऱ्या घरांच्या कामास वेग देण्यात आला. जुन्या, बेताच्या उत्पन्नाच्या घरमालकांना वाढीव घरपट्टीचा बोजा भरून देणारी मदत पुढे सुरू झाली. २०१८ साली दक्षिणेकडील लोहमार्गाची जमीन विकत मिळाली, आणि बांधकामापूर्वीच ती पायी चालणाऱ्यांना तात्पुरती मोकळी करण्यात आली. २०२१ साली वाटेलगतच्या व्यापारी इमारतींवर व मोठ्या भाडोत्री चाळींवर विशेष कर बसवून, आणि वुड्रफ प्रतिष्ठानाच्या ८ कोटी डॉलरांच्या देणगीतून, उरलेली वाट पूर्ण करण्याइतका पैसा जमवण्याची सोय झाली. वर्तुळ जुळवण्यासाठी २०३० हे साल ठरलेले आहे. ट्राम मात्र अद्याप स्वप्नातच आहे. तिचा पूर्वेकडील बेत २०२५ साली महापौरांनी बाजूस ठेवला, आणि त्यावरून शहरात पुन्हा मतभेद माजले आहेत.

वाचकहो, या हकीकतीत उशिराचे खापर कोणा एकाच्या माथी फोडता येत नाही. काही उशीर लोभाने झाला, काही नशिबाने, काही अव्यवस्थेने. परंतु काही उशीर असाही होता की जो आवश्यक होता. विषारी माती न काढता वाट केली असती, तर ती लवकर झाली असती. पण तिच्यावर आपले मूल खेळावयास कोणी पाठवावे? शाळेच्या पैशाचा प्रश्न कोणी विचारलाच नसता, तर बराच वेळ वाचला असता. पण लोकांच्या संमतीचा कौल मिळाला नसता. याच्या उलट, ज्या बाबतीत घाई करावयास हवी होती तेथेच दिरंगाई झाली. जमिनी स्वस्त होत्या तेव्हाच गरिबांच्या घरांसाठी त्या घेऊन ठेवल्या असत्या, तर पुढचे अश्रू वाचले असते. काँक्रीट उशिरा ओतले तरी चालते, घरांची व्यवस्था उशिरा करून चालत नाही.

आपल्या गावीही नवा रस्ता येतो, तेव्हा प्रथम मोजणीदार येतो आणि त्याच्या मागोमाग जमिनीचा दलाल येतो. अशा वेळी सभेला जावे, नकाशा मागून पाहावा, काम कोठे अडले आहे ते विचारावे. आणि त्याचबरोबर आणखी एक प्रश्न विचारावयास विसरू नये: ही वाट पूर्ण होईल, तेव्हा तिच्या काठी आज राहणारे शेजारी तेथेच असतील ना? कारण वाट किती मैलांची झाली हे मोजावयास साखळी पुरते. ती कोणाची झाली हे मात्र तिच्यावरून चालणाऱ्यांकडे पाहूनच कळते.